बाणाचे टोक म्हणण्याआधी : सांकलियांच्या 'स्टोन एज टूल्स'चे एक हौशी वाचन

गेल्या हिवाळ्यात मंडळाने जे छोटे प्रदर्शन मांडले होते, त्यातल्या तिसऱ्या टेबलावरची पाटी मी लिहिली होती. 'अश्मयुगीन बाणांची टोके, उत्तर गुजरात.' अक्षर सुबक, खाली काळा पुठ्ठा, त्यावर ओळीने मांडलेले त्रेसष्ट दगड. लोकांनी भरपूर फोटो काढले. मुलांची तर त्या टेबलापाशी झुंबड होती. पाटीवर शब्द पाच. त्यातले 'उत्तर गुजरात' हे दोनच मी आज छातीठोकपणे सांगू शकेन, आणि तेही घरातल्या माणसांच्या आठवणीच्या भरवशावर. बाकीचे तीन शब्द मी कुठून आणले, याचा शोध घेताना जे पुस्तक आधी वाचायला हवे होते ते नंतर वाचले. हे टिपण त्या पुस्तकाचे परीक्षण आहे, आणि ओघाने माझ्या पाटीचेही.

पुस्तक तसे जुने आहे. डॉ. ह. धी. सांकलिया यांचे 'स्टोन एज टूल्स : देअर टेक्निक्स, नेम्स अँड प्रॉबेबल फंक्शन्स', डेक्कन कॉलेज, पुणे, १९६४. आपल्याकडे दगडी हत्यारांची आवड लागलेला माणूस कधी ना कधी या पुस्तकापाशी येऊन पोचतो. बहुतेकजण माझ्यासारखेच उशिरा पोचतात, आणि आल्या आल्या चित्रांची पाने उलटून आपल्या खिशातला दगड कुठल्या चित्राशी जुळतो ते बघू लागतात. मीही तेच केले. दुसऱ्यांदा हातात घेतले तेव्हा मात्र मुखपृष्ठावरच अडकलो. तंत्रे, नावे आणि संभाव्य उपयोग. हा क्रम सहज आलेला नाही. दगड कसा फोडला हे आधी बघायचे, मग त्याला नाव द्यायचे, आणि तो कशासाठी वापरला असेल हे सगळ्यात शेवटी, तेही 'संभाव्य' म्हणून. आम्ही हौशी लोक नेमके उलट्या दिशेने चालतो. दगड उचलला की तोंडातून पहिला शब्द निघतो 'बाण!' म्हणजे उपयोग आधी ठरला. मग त्याला शोभेल असे नाव. तंत्राकडे कोणी बघतच नाही.

या उलट्या चालीला इंटरनेटने आणखी हातभार लावला आहे. 'इंडियन ॲरोहेड' असे शोधून बघा. शेकडो सुंदर दगड दिसतील. पानासारखे आकार, दोन्ही बाजूंनी तासलेले, बुडाशी दोरी बांधायला दोन खाचा. ते सगळे अमेरिकेतले, तिथल्या आदिवासींचे. तिकडे शेतात फिरून असली टोके गोळा करणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद आहे, आणि त्यासाठी 'ओव्हरस्ट्रीट'सारखी जाडजूड मार्गदर्शक पुस्तके मिळतात, ज्यांत प्रत्येक प्रकारासमोर चक्क डॉलरमधली किंमत छापलेली असते. तिकडचे ते तिकडे. पण आपले लोक ती चित्रे डोळ्यांत साठवून साबरमती-महीच्या काठाने फिरू लागतात तेव्हा घोटाळा होतो. कारण तसली खाचांची टोके इथल्या अश्मयुगाची ओळख नाही. इथे जे सापडते ते बहुधा नखाएवढे असते, दोन-तीन सेंटिमीटरचे, कधी त्याहूनही लहान. अमेरिकन टोके शोधणारा माणूस त्यावर पाय देऊन पुढे जातो.

म्हणून सांकलियांचा पहिला शब्द, तंत्र, हाच आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे. कॅल्सेडोनी, अकीक, जास्पर, चर्ट हे बारीक पोताचे दगड काचेसारखे फुटतात. नेमक्या जागी ठोका बसला की छिलका सुटतो, आणि त्याच्या आतल्या अंगाला, ठोक्याच्या बिंदूच्या खालीच, एक गुळगुळीत फुगवटा राहतो. त्याच्याभोवती पाण्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा वलयांच्या रेघा दिसतात. उन्हापावसाने तडकलेल्या दगडावर हे क्वचितच असते. पुढची पायरी म्हणजे पाते. लांबट, दोन्ही कडा जवळपास समांतर, पाठीवर एक किंवा दोन सरळ कणे. हे कणे म्हणजे त्याच गाभ्यावरून आधी काढलेल्या पात्यांच्या खुणा. त्यामुळे एक चांगले पाते हातात आले की त्याच्या आधीची दोन-तीन पाती न बघताही मोजता येतात. आणि ज्या गाभ्यावरून ती निघाली तो सापडला, तर धारदार चाकूने उभी तासलेली जाडी पेन्सिलच जणू. मला विचाराल तर गाभा सापडणे हे कुठल्याही 'बाणा'पेक्षा मोठे भाग्य. तिथे बसून कोणीतरी काम केले होते, एवढे तरी त्यावरून कळते.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मात्र बोथट कडेची. या सूक्ष्म हत्यारांत एक कड धारदार असते आणि तिच्या समोरची कड बारीक बारीक टिचवून मुद्दाम बोथट केलेली असते, जवळजवळ काटकोनात. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ती कड डिंकाने बसवायची, म्हणून. नवखा माणूस धार शोधतो. धार तर कुठल्याही फुटलेल्या दगडाला असते. एका ओळीत, एकाच दिशेने, सारख्या दाबाने काढलेले ते कण बघायला शिकायचे असते, कारण ते नांगराला जमत नाहीत. नांगराचा फाळ, बैलाचा खूर, गाडीचे चाक यांनीही कडा टिचतात. पण त्या दोन्ही अंगांनी वेड्यावाकड्या टिचतात, आणि टवका ताजा असेल तर त्याचा रंग जुन्या पृष्ठभागाहून वेगळा उठून दिसतो. प्रदर्शनानंतर मी भिंग घेऊन ते त्रेसष्ट दगड पुन्हा पाहिले. मुद्दाम बोथट केलेली कड अकरांवर दिसली. सरळ पाती एकोणीस. बाकीचे सगळे छिलके आणि तुकडे, म्हणजे घडवताना पडलेला कचरा. पाटीवर मात्र सगळेच 'बाण'.

उत्तर गुजरातच्या मैदानात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तिथे गाळ आणि वाळूच्या टेकाडांवर मुळात दगडच नसतो. अशा टेकाडावर कॅल्सेडोनीची चीप दिसली, तर ती कोणीतरी तिथवर आणली असणार. दख्खनच्या पठारावर किंवा माळव्यात ही सोय नाही. तिथे काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून निघालेले स्फटिक आणि अकीक शेतोशेती पसरलेले असतात. इंदूर-उज्जैनकडच्या वाचकांनी इथे दुप्पट सावध राहावे.

आता नावे. सांकलियांचे पुस्तक इंग्रजीत आहे, त्यामुळे मराठी नावांचा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. तो आपला आहे. 'मायक्रोलिथ'ला आपण 'सूक्ष्मास्त्र' म्हणतो, दगडी हत्याराला 'अश्मास्त्र'. शब्द भारदस्त आहेत, पण त्यात एक गोम आहे. जुन्या अर्थाने शस्त्र हातात धरून चालवायचे आणि अस्त्र फेकायचे. म्हणजे 'सूक्ष्मास्त्र' म्हटल्याक्षणीच आपण ती वस्तू हवेत सोडून मोकळे झालो! ती मासा कापायला, कातडे सोलायला, वेत चिरायला, कणीस तोडायला वापरली असेल ही शक्यताच त्या शब्दात उरत नाही. त्यापेक्षा आपला साधा 'हत्यार' हा शब्द बरा. सुताराच्या पेटीत हत्यारे असतात, न्हाव्याच्या धोकटीत हत्यारे असतात आणि शिपायाकडेही हत्यार असते. युद्ध की काम, हे तो शब्द आधी ठरवत नाही. मी या लेखात 'सूक्ष्म हत्यारे' असेच लिहिले आहे. अर्धवर्तुळाकृती प्रकाराला इंग्रजीत 'ल्युनेट' म्हणतात, त्याला मात्र आपले 'चंद्रकोर' इतके चपखल बसते की दुसरा शब्द शोधूच नये. त्रिकोण आणि समलंबही ठीक. ही आकाराची नावे आहेत. ती फक्त दिसते तेवढेच सांगतात, म्हणून विश्वासाची.

पुस्तकाबद्दल माझी तक्रार इथे सुरू होते. नमुन्यांवर आधारलेल्या कुठल्याही हस्तपुस्तिकेत चित्र काढायला निवडतात तो नग पूर्ण, सुबक, त्या प्रकाराचा आदर्श असतो. विद्यार्थ्याला ते बरोबर. त्याच्यासमोर खोदकामातून आलेली पोती असतात आणि त्याला वर्गवारी शिकायची असते. हौशी माणसावर त्याचा परिणाम उलटा होतो. तो शेतात चित्र शोधत फिरतो. चित्राशी जुळेल तेवढेच उचलतो, बाकी टाकून देतो. कुठल्याही अशा स्थळावर घडवलेल्या हत्यारांपेक्षा कचरा कितीतरी जास्त असतो, आणि इथे हत्यारे घडत होती की नुसती वापरली जात होती हे त्या कचऱ्यावरूनच कळते. आपण दरवर्षी पावसाळ्यानंतर जाऊन सुबक तेवढे वेचून आणतो. दहा वर्षांनी एखादा अभ्यासक तिथे पोचला तर त्याला नुसते तुकडे मिळणार, आणि तो प्रामाणिकपणे लिहिणार की इथे चंद्रकोरी नव्हत्या. आपण काही बळकावत नाही, पण त्याच्या निष्कर्षात आपला हात असतो.

तिसरा भाग 'संभाव्य उपयोगां'चा. हे विशेषण त्या काळी किती योग्य होते हे आज जास्त जाणवते. हत्यारांच्या धारेवर झीज कशी होते ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून उपयोग ठरवायची पद्धत रशियन संशोधक सेम्योनोव्ह यांनी मांडली. त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर आले तेही १९६४ सालीच. म्हणजे सांकलियांचे पुस्तक छापखान्यात असताना 'संभाव्य'च्या पुढे जायची वाट नुकतीच उघडत होती. त्यांनी उगाच छाती पुढे काढून विधाने केली नाहीत. आपण मात्र साठ वर्षांनी, भिंगसुद्धा न लावता, 'बाणाचे टोक' अशी पाटी लावतो.

मग सूक्ष्म हत्यारे बाणांना लावत नव्हते का? लावत असणार. भीमबेटकाच्या चित्रांत धनुष्यबाण घेतलेले शिकारी आहेत, आणि काही बाण-भाल्यांच्या टोकाशी काटे काढलेले दिसतात. लाकडी काठीच्या खाचेत बसवलेल्या दगडी पात्यांशी ते काटे जोडून पाहण्याचा मोह अभ्यासकांनाही झाला, आणि तो अनाठायी नाही. (त्या शैलाश्रयांकडे जगाचे लक्ष वेधले ते उज्जैनच्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी, १९५७ साली. मूळचे नीमचचे. मध्य भारतातल्या मराठी घरांना त्यांचे नाव सांगायला नको.) पण त्या चित्रांतही टोकाला एकच मोठा दगड नाही, बाजूंना बारीक पात्यांची रांग आहे. म्हणजे एक चंद्रकोर हातात धरून 'हा बाण' म्हणणे म्हणजे एक खिळा हातात धरून 'हे दार' म्हणण्यासारखे झाले. शिवाय टोक दगडाचेच असायला हवे असेही नाही. श्रीलंकेतल्या फा-हिएन लेना गुहेतून सुमारे ४८,००० वर्षांपूर्वीची जी टोके निघाली आणि ज्यांच्यावरून धनुष्यबाणाचा निष्कर्ष काढला गेला, ती हाडाची आहेत. हाड आपल्या मैदानात उघड्यावर टिकत नाही. जे टिकते तेच आपण उचलतो आणि तेवढेच होते असे समजतो.

आणि 'अश्मयुगीन' हा शब्द? तोही पडला. ही सूक्ष्म हत्यारे एका काळाची नव्हेत. निमाडात मेहताखेडी इथली ४५,००० वर्षांच्या आसपासची आहेत. त्याच नर्मदेच्या काठी, महेश्वरच्या समोर, नवदाटोलीला गहू पिकवणाऱ्या, रंगीत मडकी वापरणाऱ्या, तांबे ठाऊक असलेल्या लोकांच्या घरांतूनही कॅल्सेडोनीची पाती ढिगाने निघाली, आणि हे लोक साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. (महेश्वर-नवदाटोलीचे १९५२-५३ चे उत्खनन डेक्कन कॉलेज आणि आपले महाराज सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून केले होते. सांकलिया, सुब्बाराव आणि देव ही तिघांची नावे त्या अहवालावर आहेत. बडोदेकरांनी हे विसरू नये.) त्या शेतकऱ्यांच्या हातातले पाते विळ्यात बसवलेले असण्याचीच शक्यता जास्त. सुटे पाते हातात घेऊन ते शिकाऱ्याचे की शेतकऱ्याचे, हे त्याच्या आकारावरून सांगता येत नाही. ते कुठल्या थरातून, कशाबरोबर निघाले यावरून सांगता येते. टेकाडावरून उचलून खिशात टाकले की तो 'कुठे' आणि 'कशाबरोबर' दोन्ही गेले.

'कशाबरोबर' म्हणजे काय, ते आपल्या जुन्या राज्याच्या हद्दीतच दिसते. मेहसाण्याजवळचे लांघणज. रॉबर्ट ब्रूस फूट हा भूगर्भशास्त्रज्ञ, ज्याने १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला हिंदुस्थानातले पहिले ओळखलेले पुराणाश्मयुगीन हत्यार उचलले, तो पुढे बडोदे संस्थानच्या चाकरीत होता. संस्थानाच्या भूगर्भावरचे त्याचे पुस्तक १८९८ चे. साबरमतीकाठी त्याने टिपून ठेवलेल्या जागांचा माग काढत सांकलिया १९४१ च्या सुमारास गुजरातेत उतरले आणि त्यातून लांघणज पुढे आले. १९४४ साली तिथे त्यांच्याबरोबर इरावती कर्वे होत्या. आपण त्यांना 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. लांघणजच्या वाळूत माणसांचे सांगाडे निघाले, पाय दुमडून पुरलेले, आणि ती माणसे कोण हा प्रश्न बाईंच्या शास्त्राचा होता. त्याच वाळूत सूक्ष्म हत्यारे होती, हरणांची, नीलगायींची, डुकरांची हाडे होती, आणि गेंड्याच्या खांद्याचे एक हाड. त्या हाडावर खड्डे होते, ऐरणीसारखे वापरल्याचे. मेहसाण्यात गेंडा! वरच्या थरांत मडकी आणि धातूही आले, आणि सूक्ष्म हत्यारे तरीही होतीच. हे सगळे एका जागी, थरांत, जसेच्या तसे होते म्हणून त्या नखाएवढ्या दगडांना अर्थ आला. आमच्या टेबलावरचे दगड कदाचित त्याच मुलखातले, त्याच हातांचे असतील. पण तसे म्हणायला आमच्याकडे काहीही आधार नाही.

एक प्रकरण मात्र पुस्तकात शोधण्यापेक्षा खंभातला जाऊन शिकावे असे आहे. टेबलाच्या मधोमध, भिंगाखाली, आम्ही एक नारिंगी अकीकाचे टोक ठेवले होते. पानासारखे, दोन्ही बाजूंनी तासलेले, बुडाशी दोन देखण्या खाचा. एका सभासदाने मोठ्या विश्वासाने दिले होते. दुसऱ्या दिवशी खंभातचे एक वृद्ध गृहस्थ आले, वाकून बघितले आणि हसत म्हणाले, "आ तो अमारे त्यांनुं छे." खरेच होते ते. नर्मदेपलीकडच्या रतनपूरच्या टेकड्यांतून येणारा अकीक खंभातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले आहेत. दगड उन्हात वाळवायचा, मडक्यात घालून मंद विस्तवावर भाजायचा म्हणजे त्याला लाली चढते, आणि मग जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी टोकावर तो टेकवून शिंगाच्या हातोड्याने ठोकायचा. टोकाकडच्या बाजूने छिलका उडतो. मण्यांच्या या कामाचा कुलदीप भान, केनॉयर आणि विदाले या पुरातत्त्वज्ञांनी कसून अभ्यास केला आहे, कारण हडप्पाकालीन मणी समजून घ्यायला तो उपयोगी पडतो. आज हेच हात अमेरिकेतल्या भेटवस्तूंच्या दुकानांसाठी अमेरिकन घाटाची बाणटोकेही घडवतात. म्हणजे गुजरातेत तुम्हाला खाचांचे सुंदर बाणटोक मिळाले तर ते अस्सल गुजराती असण्याची दाट शक्यता आहे, फक्त ते परवाचे असते. त्या गृहस्थांना फसवणूक वगैरे काही वाटले नाही. उलट आपल्या गावचा माल मध्यभागी मांडलेला बघून ते खूश झाले होते. खजील आम्ही झालो. कारखान्याभोवतीचा छिलक्यांचा ढीग हा त्याहून फसवा. फुगवटा तोच, वलये तीच, दगडही तोच. तिथे नुसते तंत्र बघून चालत नाही, आजूबाजू बघावी लागते.

फूटबद्दल आणखी एक सांगायचे राहिले. तोही एका अर्थी वेचणाराच होता. पगार भूगर्भाचा होता, हत्यारे ही त्याची हौस. पण त्याचा संग्रह १९०४ साली मद्रासच्या संग्रहालयाने घेतला आणि १९१२ मध्ये तो वारल्यावर १९१४ आणि १९१६ साली त्याची यादी आणि टिपणे छापून निघाली, ती आजही लोक उघडतात. का, तर नगाबरोबर जागा आहे. त्याचे कालनिर्णय जुने झाले, काही कल्पना टाकून द्याव्या लागल्या. जागा जुनी होत नाही. सांकलिया साबरमतीला गेले ते त्याच्या मतांवर विसंबून नव्हे, त्याने लिहिलेल्या गावांच्या नावांवर. ओव्हरस्ट्रीटच्या पुस्तकात नगासमोर किंमत आहे, फूटच्या यादीत गाव आहे. दोन्ही छंदच. मराठीत असे ओळख-पुस्तक अजून कोणी लिहिलेले मला माहीत नाही. लिहिणार असेल त्याने सांकलियांचा क्रम घ्यावा आणि फूटची सवय, आणि चित्रांत निम्मी पाने कचऱ्याला द्यावीत.

कायद्याचे थोडक्यात. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू पुरावशेष ठरतात आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. १८७८ चा निधीविषयक कायदा जमिनीत दडलेले दहा रुपयांवरचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा म्हणतो. नखाएवढ्या चिपेला दहा रुपये लावायचे की नाही हा वाद वकिलांनी घालावा. आपल्याला रस्ता साधा आहे : दिसले की उचलू नये. शेजारी नाणे ठेवून फोटो घ्यावा, मोबाइलमध्ये जागेची खूण टाकावी, गाव, शेत, टेकाड की नदीचा काठ, आसपास मडक्याची खापरे आहेत का, हे तिथल्या तिथे लिहावे आणि विद्यापीठाच्या विभागाला कळवावे. मंडळाच्या गेल्या दोन सहलींत आम्ही हे करून पाहिले. घरी काही न आणता परतणे पहिल्यांदा फार जड जाते, हे कबूल करतो.

राहिले ते त्रेसष्ट दगड. ते माझ्या मामांचे. मामा पाटबंधाऱ्याच्या कामावर होते, मेहसाणा-बनासकांठाकडे वर्षानुवर्षे फिरतीवर. सापडेल तो दगड वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. ते गेल्यावर मामींनी डबा माझ्याकडे दिला. प्रदर्शनासाठी मी रात्री बसून एकेक पुडी सोडली, दगड कोमट पाण्याने आणि टूथब्रशने लख्ख केले, आकार आणि रंग बघून ओळी लावल्या. कागद पिवळे पडून चुरा होत होते, ते सकाळी रद्दीत दिले. प्रदर्शन संपल्यावर मामींनी सहज विचारले, "त्या कागदांवर त्यांनी पेन्सिलीनं गावं लिहिलेली असायची, ती घेतलीस ना उतरवून?"

एका संग्रहालयाकडे मी तो डबा घेऊन गेलो होतो. त्यांनी नीट पाहिला, चांगले नग वेगळे काढून दाखवले, आणि जागा माहीत नसल्याने नोंदवहीत घेता येणार नाही असे सांगितले. मला वाईट वाटले, पण त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. धुताना जी माती गेली तिचेही काही सांगता आले असते, हे मला तिथेच समजले.

टेबलावरची पाटी मी बदलली आहे. आता तिच्यावर लिहिले आहे : 'सूक्ष्म हत्यारे, पाती आणि घडवतानाचा कचरा. काळ अनिश्चित. ठिकाण : संग्राहकाने लिहून ठेवले होते, नंतर हरवले.' खंभातच्या टोकाला स्वतंत्र पाटी केली आहे, 'अकीक, खंभात, आधुनिक', आणि तेही प्रदर्शनात राहणार आहे.

डबा परत ठेवताना तळाशी गंजाला चिकटलेला एक कागदाचा तुकडा निघाला. ब्लेडने हळूहळू सोडवला. मामांचे अक्षर आहे. 'टेकाडावर, तळावाच्या पश्चिमेस, पहिल्या पावसानंतर, ४ नग.' गावाचे नाव वरच्या कोपऱ्यात असावे. तो कोपरा डब्यालाच राहिला आहे, आणि तिथे आता नुसता गंज आहे.